जीएसएम मॉडेमवर आलेला मेसेज मायक्रोकंट्रोलरने कसा वाचायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटोलजवळ माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. शेतीच्या फीडरला थ्री फेज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. आंबिया बहाराचा ताण तोडला की पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. मग जानेवारीच्या थंडीत रात्री अकराला टॉर्च घेऊन धुऱ्याधुऱ्याने विहिरीपर्यंत जायचं, रानडुकरं आणि साप सांभाळत. ही पायपीट थांबावी म्हणून मी मेसेजवर चालणारा मोटर स्टार्टर बनवला. तेव्हापासून नागपुरातली इंजिनिअरिंग आणि पॉलिटेक्निकची मुलं बर्डीवरून जीएसएम मॉड्यूल (सिम घालून मेसेज घेणारा-पाठवणारा छोटा मॉडेम) घेतात आणि तेच तेच प्रश्न घेऊन येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मॉड्यूलला द्यायच्या ‘एटी’ने सुरू होणाऱ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन मोठी अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा.

कोणतं मॉड्यूल घेऊ? २जी अजून चालतं का?

सिम८००एल आणि सिम९००ए ही दोन्ही फक्त २जीवर चालतात. जिओकडे २जी नाही, त्यामुळे त्यांचं सिम यात कधीच रजिस्टर होणार नाही. कितीतरी मुलं दोन-दोन दिवस कोड तपासत बसतात आणि दोष सिमचा असतो. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं सिम घ्या. आधी ते साध्या बटणाच्या २जी फोनमध्ये घालून वावरात न्या, तिथे मेसेज येतो-जातो का पाहा आणि मगच पुढचा खर्च करा. स्टार्टर पाच-सात वर्षं चालायला हवा असेल तर ए७६७० सारखं ४जी मॉड्यूल घ्या. मेसेजच्या मूळ कमांड त्यातही जवळपास त्याच आहेत, कारण त्या ३जीपीपीच्या २७.००५ या मानकातून येतात.

मॉड्यूल सुरू होतं, नेटवर्क शोधतं आणि परत बंद पडतं. कोड चुकला का?

नाही, सप्लाय कमी पडतो. सिम८००एलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि टॉवरशी बोलताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट खेचला जातो. आर्डुइनोच्या (मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या) पिनवरून तो मिळत नाही. वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) ४ व्होल्टवर लावा, मॉड्यूलच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या, तारा जाड आणि आखूड ठेवा, ग्राउंड एकच करा. मॉड्यूलची सिरीयल पिन २.८ व्होल्टची आहे. ५ व्होल्टच्या आर्डुइनोकडून जाणाऱ्या तारेवर दोन रेझिस्टरचा डिव्हायडर लावा.

मॉड्यूलकडून नेमकं काय येतं?

बाइटची एक रांग येते. त्या रांगेत मेसेज असतो, तुमच्याच कमांडचा प्रतिध्वनी असतो, कमांडचं उत्तर असतं आणि न विचारता आलेल्या सूचनाही असतात: कोणी फोन केला की ‘रिंग’, नेटवर्क लागलं की ‘एसएमएस रेडी’, व्होल्टेज पडलं की ‘अंडर-व्होल्टेज’. हे सगळं एकाच तारेवरून येतं आणि कोणत्याही क्रमाने येतं. तुम्ही सिग्नल किती आहे हे विचारलं आणि नेमका तेव्हाच मेसेज आला, असं रोज होतं. ‘मी कमांड दिली, म्हणजे पुढची ओळ तिचंच उत्तर असणार’ हे गृहीतक पहिल्या दिवसापासून सोडा.

प्रतिध्वनी एटीई० ने बंद करा. एटी+सीएमजीएफ=१ ने टेक्स्ट मोड लावा. आलेला मेसेज वाचला की मॉड्यूल साधारण असं देतं:

+सीएमजीआर: "आरईसी अनरीड","+९१…","","२५/०१/१४,२२:०५:३१+२२"

ही ओळ म्हणजे मेसेजचं शीर्षक. त्याखालच्या ओळीवर मजकूर, मग एक रिकामी ओळ, मग ‘ओके’. प्रत्येक ओळ १३ आणि १० या दोन बाइटनी संपते. वेळेच्या शेवटी जो +२२ आहे तो पाव तासांत मोजलेला टाइम झोन आहे. २२ पाव तास म्हणजे साडेपाच तास, म्हणजे आपली भारतीय प्रमाणवेळ. आणि वेळेच्या मध्ये जो स्वल्पविराम आहे त्याच्याकडे नीट पाहा. तो अवतरण चिन्हांच्या आत आहे. ओळ स्वल्पविरामावर तोडली तर वेळेचे दोन तुकडे होतात आणि पुढचे सगळे रकाने एकाने सरकतात. ओळ तोडायला सी भाषेचं एसटीआरटोक वापरलं तर आणखी एक घोळ होतो: लागोपाठ दोन स्वल्पविराम आले की ते मधला रिकामा रकाना गिळून टाकतं. अवतरणाच्या आत आहोत की बाहेर, हे लक्षात ठेवून एकेक अक्षर पुढे जाणारं आपलं छोटं फंक्शन लिहा. वीस ओळींचं काम आहे.

मेसेज अर्धाच येतो, मधली अक्षरं गायब होतात. असं का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि दहापैकी नऊ वेळा कोडमध्ये कुठेतरी ‘डिले १०००’, म्हणजे एक सेकंद थांब, सापडतं.

हिशेब करून पाहा. ९६०० बॉडवर एका बाइटला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. आर्डुइनो उनोचा सिरीयल बफर ६४ बाइटचा आहे, सॉफ्टवेअर सिरीयलचाही (साध्या पिनवर प्रोग्रामने चालवलेल्या पोर्टचाही) तेवढाच. तो सुमारे ६७ मिलिसेकंदांत भरतो. त्यानंतर येणाऱ्या बाइटला जागा नसते आणि ते टाकून दिले जातात. मेसेजचं नुसतं शीर्षकच साठ-सत्तर अक्षरांचं असतं. तुमचा कंट्रोलर पूर्ण एक सेकंद झोपला तर शीर्षक मिळतं आणि खरा मजकूर सांडून जातो. विहिरीतून पाणी येतंच आहे आणि हौद भरल्यावर ते वाहून जातंय, तसंच हे.

उपाय बफर वाढवणं हा नाही. प्रोग्रामच्या मुख्य फेरीत कुठेही थांबू नका. प्रत्येक फेरीत सिरीयलवर जे बाइट आलेत ते उचला, आपल्या मोठ्या बफरमध्ये ठेवा आणि पुढे चला. एलसीडीवर लिहिणं, सेन्सर वाचणं, रिले दाबून धरणं या सगळ्यांच्या वेळा मिलिस (किती मिलिसेकंद उलटले ते सांगणारं फंक्शन) वापरून मोजा. उनोवर खरा सिरीयल पोर्ट एकच आहे आणि तो यूएसबीशी वाटून घ्यावा लागतो. मेगावर चार आणि ईएसपी३२ वर तीन पोर्ट आहेत. प्रोजेक्टला पैसे असतील तर तिथे घाला, सॉफ्टवेअर सिरीयलशी झगडू नका.

मग पार्सर (आलेले बाइट वाचून अर्थ लावणारा भाग) लिहायचा कसा?

एक फंक्शन लिहा. ते एकच बाइट घेतं, आपण सध्या कोणत्या अवस्थेत आहोत ते पाहतं आणि परत जातं. ते कशाचीही वाट पाहत नाही. अवस्था तीनच पुरतात.

पहिली, ओळ गोळा करणं. १० क्रमांकाचा बाइट आला की ओळ पूर्ण झाली. शेवटचा १३ काढून टाका. ओळ रिकामी असेल तर सोडून द्या. ‘+सीएमटीआय:’ ने सुरू होत असेल तर स्वल्पविरामापुढचा आकडा, म्हणजे मेसेज सिममध्ये कोणत्या जागेवर ठेवलाय तो क्रमांक, एका यादीत लिहून ठेवा. वाचायला लगेच धावू नका, आधीची कमांड अजून संपलेली नसेल. ‘+सीएमजीआर:’ ने सुरू होत असेल तर नंबर, वेळ, मजकुराचा प्रकार आणि लांबी काढून घ्या (शेवटचे दोन रकाने एटी+सीएसडीएच=१ दिल्यावरच येतात, ते पुढे सांगितलं आहे) आणि दुसऱ्या अवस्थेत जा.

दुसरी, मजकूर गोळा करणं. इथे ओळींचा विचार करायचा नाही, फक्त बाइट मोजायचे. सांगितले तेवढे झाले की तिसरी अवस्था.

तिसरी, ‘ओके’ची वाट. ते आलं की मेसेज पूर्ण झाला, आता त्यावर निर्णय घ्या. दुसऱ्या किंवा तिसऱ्या अवस्थेत पाच सेकंद उलटले तर गोळा केलेलं सगळं टाकून पहिल्या अवस्थेत परत या. हे वेळेचं बंधन विसरलात तर एखादा बाइट हरवल्यावर पार्सर कायमचा दुसऱ्या अवस्थेत अडकतो, आणि स्टार्टर बंद करून चालू केल्याशिवाय सुटत नाही.

बफरमध्ये लिहिताना दर वेळी जागा उरली आहे का ते तपासा. इंग्रजी मेसेज १६० अक्षरांचा असतो. मराठी मेसेज ७० अक्षरांचा, पण तो हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांत) येतो तेव्हा २८० अक्षरं लागतात. ३०० बाइटचा एक बफर ठेवा. उनोची रॅम २०४८ बाइट आहे, तेवढं परवडतं.

सीएनएमआय (मेसेज आल्यावर मॉड्यूलने काय करायचं ती सेटिंग) २,२ ठेवू की २,१?

एटी+सीएनएमआय=२,२,०,०,० ठेवलं तर मेसेज आल्याआल्या थेट सिरीयलवर येतो, ‘+सीएमटी:’ असं शीर्षक घेऊन. सोपं वाटतं, म्हणून बहुतेक उदाहरणांत हेच दिसतं. पण तो कुठेच साठवला जात नाही. त्या क्षणी कंट्रोलर रीसेट होत असेल तर मेसेज गेला. मोटर सुरू होताना जो झटका बसतो त्यात कंट्रोलर रीसेट होणं वावरात नवीन नाही. म्हणून मोटरच्या कामाला मी २,१ च ठेवतो. मेसेज सिममध्ये राहतो, मॉड्यूल फक्त जागा सांगतं, आपण सवडीने एटी+सीएमजीआर ने वाचतो आणि काम झालं की एटी+सीएमजीडी ने पुसतो.

पुसणं मात्र चुकवू नका. सिममध्ये जागा मोजकीच असते. ती भरली की नवीन मेसेजची सूचना येणं थांबतं आणि ‘महिनाभर चांगलं चाललं, मग एकदम बंद पडलं’ अशी तक्रार येते. एटी+सीपीएमएस? विचारलं की किती जागा वापरली आणि एकूण किती ते कळतं.

मजकूर कुठे संपतो हे कसं ओळखायचं? ‘ओके’ दिसलं की संपला असं धरू का?

धरू नका. मेसेजमध्येच कोणी ‘ओके’ लिहून पाठवलं तर? लोक पाठवतात. तुमच्या स्टार्टरने ‘मोटर चालू झाली’ असं उत्तर दिलं की सवयीने त्यावर ‘ओके’ येतंच.

याहून गंभीर प्रकार आहे तो खोट्या शीर्षकाचा. मेसेजमध्ये एंटर मारून नवीन ओळ टाकता येते. समजा २,२ मोड आहे आणि तुमचा पार्सर ओळीओळीने चालतो. कोणा अनोळखी माणसाने तीन ओळींचा मेसेज पाठवला: पहिली ओळ काहीही, दुसऱ्या ओळीवर ‘+सीएमटी:’ आणि त्यापुढे मालकाचा नंबर, तिसऱ्या ओळीवर ‘ऑन’. तुमच्या पार्सरला दुसरी ओळ खऱ्या शीर्षकासारखीच दिसेल. नंबर जुळेल आणि मोटर सुरू होईल.

दोन्हीवर एकच उपाय आहे. एटी+सीएसडीएच=१ द्या. मग शीर्षकात जास्तीचे रकाने येतात आणि सर्वात शेवटचा रकाना मजकुराची लांबी असतो. तेवढे बाइट डोळे मिटून मजकूर म्हणून घ्या, आत काहीही लिहिलेलं असो. मराठी मेसेजसाठी हा आकडा आणि प्रत्यक्ष आलेले हेक्स अंक यांचा मेळ आपल्या मॉड्यूलवर एकदा ताडून पाहा आणि मगच कोड पक्का करा. याच शीर्षकात डीसीएस नावाचा रकाना असतो. तो पुढे लागेल.

मेसेज बरोबर दिसतो, पण ‘ऑन’शी जुळत नाही.

मामांचा पहिल्याच आठवड्यात फोन आला, ‘अबे, मी तर बरोबर टाकलं, मोटर काहून चालू नाही झाली?’ मी त्यांच्या फोनवरचा मेसेज पाहिला, ‘ऑन’च होता. मग आलेले बाइट एकेक करून आकड्यांत छापले: ७९, ११०, ३२. पहिलं मोठं ओ, दुसरं लहान एन, आणि शेवटचा ३२ म्हणजे स्पेस. फोनच्या कीबोर्डने पहिलं अक्षर मोठं केलं होतं आणि सुचवलेला शब्द निवडल्यावर मागे एक स्पेस सोडली होती. पडद्यावर यातलं काही दिसत नाही. मी दोन्ही अक्षरं मोठी आणि मागेपुढे काही नाही, एवढ्यावरच जुळणी केली होती. चूक माझी होती, मामांनी अगदी बरोबर टाकलं होतं.

म्हणून जुळवण्याआधी दोन्ही बाजूंच्या स्पेस, १३ आणि १० काढून टाका आणि सगळी इंग्रजी अक्षरं एकाच आकाराची करा. काही जुळत नसेल तर मजकूर कधीच अक्षरांत छापून पाहू नका, बाइटचे आकडे छापा.

एसटीआरएसटीआर वापरून मजकुरात शब्द शोधला तर? सोपं पडतं.

इंग्रजीत ‘ऑन’ची दोन अक्षरं ‘मंडे’मध्ये आहेत, ‘फोन’मध्ये आहेत, ‘डन’मध्येही आहेत. मोबाईल कंपनीच्या जाहिरातीच्या प्रत्येक मेसेजमध्ये ती सापडतील. मराठीत तर याहून वाईट: ‘मोटर बंद करू नको’ यात ‘बंद’ आहे. माणसाने एक सांगितलं, यंत्राने नेमकं उलटं ऐकलं.

पूर्ण मजकूर कमांडशी तंतोतंत जुळला तरच कृती करा. जुळला नाही तर ‘समजलं नाही’ असं उत्तर पाठवा आणि मोटर आहे त्या स्थितीत राहू द्या. ३ किंवा ५ एचपीची मोटर कोरड्या विहिरीत रात्रभर फिरली तर वाइंडिंग जळतं. अंदाजाने समजून घेणं माणसाला शोभतं, स्टार्टरला नाही.

मराठीत मेसेज पाठवला तर आकड्यांचा ढीग येतो.

तो ढीग नाही, तो तुमचा मेसेजच आहे. देवनागरी मजकूर यूसीएस२ मध्ये जातो, म्हणजे प्रत्येक युनिकोड चिन्हाला दोन बाइट, आणि मॉड्यूल ते चार-चार हेक्स अंकांत छापतं. ‘चालू’ असा येतो:

०९१ए ०९३ई ०९३२ ०९४२

च, काना, ल, दीर्घ ऊकार. मध्ये जागा नसते, सोळा अंक सलग येतात. ‘बंद’ म्हणजे ०९२सी ०९०२ ०९२६: ब, अनुस्वार, द. कंट्रोलरला मराठी ‘कळण्याची’ गरज नाही. हे हेक्स तुकडे कमांड म्हणून प्रोग्राममध्ये लिहून ठेवा आणि जुळवा.

आता आपल्या भाषेच्या खाचाखोचा. ‘चालू’ लोक ऱ्हस्व लिहितात, दीर्घही लिहितात. ऱ्हस्व उकार ०९४१ आहे, दीर्घ ०९४२. ‘सुरू’चंही तेच. दोन्ही रूपं स्वीकारा. शुद्धलेखन तपासायला आपण बसलेलो नाही, मोटर चालवायला बसलोय. काही कीबोर्ड मध्येच न दिसणारं जोडचिन्ह टाकतात, २००डी किंवा २००सी. जुळवण्याआधी ते काढून टाका. पिन मराठी अंकांत येऊ शकतो. ०९६६ ते ०९६एफ हे शून्य ते नऊ आहेत, त्यांना साध्या अंकांत बदला.

मजकूर हेक्स आहे की साधा, हे त्याच्याकडे पाहून ठरवू नका. ‘१२३४५६७८’ असा इंग्रजी अंकांतला साधा मेसेज हेक्ससारखाच दिसतो. वर सांगितलेला डीसीएस रकाना पाहा: ० असेल तर साधी ७ बिटांची अक्षरं, ८ असेल तर यूसीएस२.

मला मनापासून वाटतं की स्टार्टरने मराठी समजलंच पाहिजे. विहिरीवर काम करणाऱ्या माणसाला दोन इंग्रजी शब्द पाठ करायला लावणं ही आपली सोय आहे, त्याची नाही.

‘@’ असलेला मेसेज तिथेच तुटतो.

जीएसएमच्या मूळ वर्णमालेत ‘@’ चा क्रमांक शून्य आहे, आणि सी भाषेत शून्य म्हणजे मजकुराचा शेवट. कॅरेक्टर सेट ‘जीएसएम’ असेल तर हे घडतं. एटी+सीएससीएस ने ‘आयआरए’ लावून पाहा, किंवा लांबी मोजून काम करा.

पाठवणाऱ्याचा नंबर कसा तपासायचा?

शेवटचे दहा अंक जुळवा. तोच माणूस कधी +९१ लावून दिसतो, कधी शून्य लावून. पण आधी सगळे अंकच आहेत ना, ते पाहा. कंपन्यांचे मेसेज नंबराऐवजी अक्षरांच्या नावाने येतात, ते सरळ पुसून टाका, त्यांना उत्तरही देऊ नका. कॅरेक्टर सेट यूसीएस२ ठेवला असेल तर नंबरसुद्धा हेक्समध्ये येतो, हे लक्षात असू द्या. आणि नुसत्या नंबरावर भरवसा ठेवू नका, सोबत चार अंकी पिन मागा. परवानगीचे नंबर ईप्रॉममध्ये ठेवा म्हणजे वीज गेल्यावर टिकतात.

लाईन आली की जुने मेसेज एकदम येतात आणि मोटर वेड्यासारखी चालू-बंद होते. काय करू?

माझ्या मते या सगळ्या विषयातला हाच सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि कॉलेजच्या टेबलावर तो कधीच पडत नाही.

मेसेज फोनकॉलसारखा थेट जात नाही. तो आधी कंपनीच्या मेसेज सेंटरमध्ये थांबतो. तुमचं मॉड्यूल बंद असेल तर सेंटर तो धरून ठेवतं आणि मॉड्यूल नेटवर्कवर आलं की पोचवतं. आता वावरातलं चित्र पाहा. संध्याकाळी सातला लाईन गेली, बॅटरी नसल्यामुळे मॉड्यूलही गेलं. नऊला मामांनी ‘चालू’ पाठवलं. उत्तर नाही, म्हणून परत ‘चालू’. साडेनऊला कळलं की लाईन मध्यरात्रीनंतर येणार, म्हणून ‘बंद’ पाठवून झोपले. रात्री दोनला थ्री फेज आली. मॉड्यूल जागं झालं आणि तिन्ही मेसेज मिनिटभरात आले. पाठवले त्याच क्रमाने येतील याची हमी नाही. ‘बंद’ आधी आणि ‘चालू’ शेवटी आला तर मोटर सकाळपर्यंत फिरत राहणार, आणि मामा झोपेत.

म्हणूनच शीर्षकातली वेळ वाचायची. ती मेसेज सेंटरने शिक्का मारलेली वेळ आहे, पोचल्याची नाही. मॉड्यूलला एटी+सीएलटीएस=१ देऊन नेटवर्ककडून घड्याळ लावून घ्या आणि एटी+सीसीएलके? ने आत्ताची वेळ विचारा. सुरू झाल्यावर पहिली दोन मिनिटं कोणत्याही मेसेजवर कृती करू नका, फक्त गोळा करा. मग शिक्क्याच्या वेळेने सर्वात नवा तेवढाच विचारात घ्या. ‘चालू’ दहा मिनिटांहून जुना असेल तर तो पाळू नका, उलट मालकाला कळवा: ‘लाईन आली आहे, चालू करायची असेल तर परत पाठवा.’ ‘बंद’ कितीही जुना असला तरी पाळा, फक्त त्यानंतरचा ताजा ‘चालू’ नसला पाहिजे. जुना ‘बंद’ पाळल्याने फार तर एक पाळी हुकते. जुना ‘चालू’ पाळल्याने मोटर जाते.

मॉड्यूल आणि कंट्रोलरला एक छोटी बॅटरी द्या. लाईन गेल्यावरही ते जागे राहतील, मेसेज साचणारच नाहीत, आणि ‘लाईन नाही’ असं उत्तर तरी जाईल.

उत्तर मराठीत कसं पाठवायचं?

एटी+सीएसएमपी=१७,१६७,०,८ द्या. यातला ८ म्हणजे यूसीएस२, आणि १६७ म्हणजे मेसेजची मुदत २४ तास. कॅरेक्टर सेट यूसीएस२ करा. आता एटी+सीएमजीएस मध्ये नंबरही हेक्समध्येच द्यावा लागतो, इथे बहुतेक जण अडकतात. मग ‘>’ आल्यावर मजकुराचे हेक्स अंक आणि शेवटी २६ क्रमांकाचा बाइट. ७० अक्षरांच्या आत राहा, त्यापुढे मेसेजचे तुकडे होतात.

उत्तरात काय लिहायचं हे जास्त महत्त्वाचं. ‘कमांड मिळाली’ लिहू नका. काँटॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) खरंच ओढला गेला का, करंट वाहतोय का ते मोजा आणि जे मोजलं तेच लिहा. बऱ्याच प्रीपेड प्लॅनमध्ये दिवसाला १०० मेसेजची मर्यादा असते, म्हणून दर पाच मिनिटांनी खबर पाठवणारा कोड लिहू नका.

पीडीयू मोड (टेक्स्ट मोडऐवजी पूर्ण मेसेज कच्च्या रूपात देणारा मोड) शिकावा का?

एकदा तरी नक्की शिका. त्यात नवीन ओळ, ‘@’, खोटं शीर्षक हे प्रश्नच उरत नाहीत, कारण सगळा मेसेज एकाच ओळीत हेक्समध्ये येतो. नंबराचे अंक जोडीजोडीने उलटे असतात, ९१ हे १९ दिसतं. इंग्रजी मजकूर ७-७ बिटांत दाबून भरलेला असतो: लहान अक्षरांतला ‘हेलो’ हा पाच अक्षरांचा शब्द ई८ ३२ ९बी एफडी ०६ असा येतो. कागदावर बिट मांडून हा शब्द हाताने एकदा सोडवा. एक दुपार जाईल, पण १४० बाइटमध्ये १६० अक्षरं कशी बसतात हे पुन्हा कोणाला विचारावं लागणार नाही. लांब मेसेजचे तुकडे जोडायचे असतील तर पीडीयूशिवाय गत्यंतर नाही.

आर्डुइनोचा स्ट्रिंग क्लास चालेल का?

टेबलावर चालेल. आठवडाभर अखंड चालणाऱ्या उनोवर नाही. २ केबी रॅमचे तुकडे तुकडे होत जातात आणि एक दिवस मोठी जागा मिळत नाही. साधे कॅरेक्टर अ‍ॅरे वापरा.

नागपूरच्या उन्हाळ्यात हे टिकेल का?

सिम८००एल ८५ अंशांपर्यंत चालतं. पण मे महिन्यात, नवतपात, बाहेर ४५ अंश असताना उन्हातल्या पत्र्याच्या पेटीत ४५ हून कितीतरी जास्त होतं. त्यात आधी मरतो तो स्वस्त कपॅसिटर, म्हणून १०५ अंशांचा घ्या. पेटी झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत लावा. अँटेना पत्र्याच्या आत ठेवू नका, बाहेर काढा.

मॉड्यूल अधूनमधून गप्प होतं.

दर मिनिटाला ‘एटी’ विचारा. सलग तीनदा उत्तर नाही आलं तर रीसेट पिन खाली ओढा आणि सगळ्या सेटिंग पुन्हा द्या. ‘एटी’ला उत्तर आहे पण मेसेज येत नाही, तर एटी+सीआरईजी? पाहा: ०,१ किंवा ०,५ हवं. एटी+सीएसक्यू चा आकडा १० च्या खाली असेल तर अँटेना उंच करा. हे सगळं ठीक असेल तर सिमचं रिचार्ज तपासा.

प्रत्येक वेळी मेसेज पाठवून तपासणं महाग आणि हळू पडतं. दुसरा मार्ग?

आहे, आणि पार्सर एकेक बाइट घेणारा लिहायचा तो याचसाठी. त्या फंक्शनला बाइट मॉड्यूलकडून येतोय की फाइलमधून, याने फरक पडत नाही. तेच फंक्शन लॅपटॉपवर साध्या सी कंपायलरने चालवा. यूएसबी-सिरीयल तार लावून खऱ्या मॉड्यूलचं एक दिवसाचं सगळं बोलणं फाइलमध्ये उतरवून घ्या आणि ती फाइल पार्सरला पाजा. मग ती बिघडवा: मधले दहा बाइट काढा, शीर्षकाच्या मधोमध ‘रिंग’ घुसवा, मजकुरात ‘ओके’ टाका, ‘@’ टाका, ‘चालू’ ऱ्हस्व करा, वेळ सहा तास मागे न्या, तीन ओळींचा खोट्या शीर्षकाचा मेसेज द्या. वावरात सापडलेली प्रत्येक नवी चूक याच फाइलमध्ये भरत जा. माझ्या फाइलच्या पहिल्या ओळीवर अजून मामांचा तो मेसेज आहे: ७९, ११०, ३२.